गुडघ्याचा अक्ष आणि फळाची अपेक्षा

गुडघ्याचा अक्ष सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत सांधा बदलला जात नाही. तो जागच्या जागी राहतो, बदलते ती त्यावरून जाणाऱ्या भाराची वाट. खुब्याच्या गोळ्याचे केंद्र आणि घोट्याचे केंद्र जोडणारी रेषा निरोगी पायात गुडघ्याच्या जवळजवळ मधून, किंचित आतल्या बाजूने जाते. फेंगड्या पायात ती बरीच आत सरकते. सरळ पायातही चालताना भाराचा मोठा वाटा आतल्या कप्प्यावर पडतो. पाय फेंगडा असला की तो आणखी वाढतो आणि एका बाजूने झिजणाऱ्या टायरसारखी आतली कूर्चा झिजत जाते, बाहेरची मात्र शाबूत राहते. अशा गुडघ्यात शल्यविशारद नडगीचे हाड सांध्याच्या थोडे खाली आतल्या बाजूने कापतो. बाहेरच्या कडेचे सुमारे एक सेंटिमीटर हाड मुद्दाम न कापता बिजागरीसारखे ठेवतो, फट हळूहळू उघडतो आणि प्लेट व स्क्रूंनी हाड त्या नव्या कोनात पक्के करतो. दुसऱ्या पद्धतीत बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट मिटवली जाते. दोन्ही पद्धतींत भार झिजलेल्या बाजूकडून चांगल्या बाजूकडे ढकलला जातो.

या शस्त्रक्रियेकडून रुग्णाने काय अपेक्षा धरावी, हा प्रश्न अर्धाच वैद्यकीय आहे. किती दिवसांनी चालता येईल, किती वर्षे आराम पडेल, याची उत्तरे डॉक्टर देतात. पण शरीराचा वाकडेपणा सरळ करणे योग्य की तो भोगून संपवायचा, फळाची चौकशी करणे म्हणजे फळाची आसक्ती का, आणि यश आले तर ते कोणाचे, हे प्रश्नही शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांबरोबर घरात येतात. भोपाळसारख्या शहरात ते जरा मोठ्याने विचारले जातात. तिथे देवघर, मशीद आणि जैन मंदिर एकाच टप्प्यात आहेत, आणि ईदगाह हिल्स, श्यामला हिल्स, अरेरा टेकडी असे चढउतार गुडघ्याची परीक्षा रोजच घेतात. अरेरा टेकडीवरच्या बिर्ला मंदिरातून खाली येताना दुखणे अधिक जाणवते, कारण उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो.

पहिला प्रश्न कर्माचा. दुखणे हे प्रारब्ध असेल तर ते शस्त्राने टाळणे हा उद्धटपणा ठरतो का? भारतीय वैद्यकाने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. त्यांतले जे बलवान, ते दुसऱ्याला दाबते. सगळे आधीच ठरलेले असते तर औषध, पथ्य आणि वैद्य यांना अर्थच उरला नसता, असा तिथला युक्तिवाद आहे. सुश्रुताने त्यापुढे जाऊन हात घातला. मोडलेले हाड वेडेवाकडे जुळून आले असेल तर ते पुन्हा मोडावे, नीट बसवावे आणि मग नव्या अस्थिभंगासारखे उपचार करावेत, असे त्याच्या चिकित्सास्थानात आहे. सरळ करण्यासाठी हाड मुद्दाम तोडण्याचे हे तत्त्व आजच्या शस्त्रक्रियेच्या मुळाशीही आहे. आधुनिक काळात गुडघ्याच्या झिजेसाठी ती प्रथम 1950 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जॅक्सन यांनी मांडली, 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी ती रुजवली, आणि 2000 नंतर स्क्रू पक्का धरून ठेवणाऱ्या प्लेटी आल्यावर तिला नवे बळ मिळाले.

इस्लामी परंपरेत या प्रश्नाचे उत्तर आणखी थेट आहे. उपचार करावेत का, असे वाळवंटातल्या लोकांनी विचारले तेव्हा पैगंबरांनी होकार दिला. प्रत्येक रोगाला औषध आहे, अपवाद फक्त म्हातारपणाचा, असा त्या हदीसचा आशय आहे. हा अपवाद गुडघ्याच्या रुग्णाने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. अक्ष बदलल्याने वय मागे जात नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्वीसारखी होईल, असे वचन कोणी देत असेल तर तो शास्त्र आणि श्रद्धा दोन्हींना सोडून बोलतो.

वाकड्या अंगाची भारतीय परंपरेतली सर्वांत मोठी कथा अष्टावक्राची. महाभारताच्या वनपर्वात ती येते. आईच्या पोटात असतानाच त्याने वडिलांच्या, कहोडाच्या, पठणातला दोष दाखवला, आणि रागावलेल्या कहोडाच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. पुढे जनकाच्या सभेत त्याने बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवले आणि बंदीने बुडवलेल्या वडिलांना परत आणले. इथवर ऐकणारा म्हणेल की ज्ञानाला शरीर सरळ असण्याची गरज नाही, हेच कथेला सांगायचे आहे. ते खरेही आहे. पण कथा तिथे थांबत नाही. वडील त्याला समंगा नदीत उतरायला सांगतात आणि त्याचे अंग सरळ होते. ज्ञान मिळाल्यावर देह कसा का असेना, असे कथाकाराला वाटले असते तर हा प्रसंग आलाच नसता. वाकडे अंग असलेला माणूस उणा नाही आणि अंग सरळ करून घेण्यात काही कमीपणाही नाही, या दोन्ही गोष्टी या कथेत एकत्र आहेत. भागवतात कृष्ण कुब्जेच्या पावलांवर पाऊल ठेवून, हनुवटीला बोटे लावून तिला सरळ करतो, त्यातही हीच दृष्टी आहे. देहाकडे अशा करुणेने पाहणारी परंपरा शस्त्रक्रियेच्या आड येत नाही.

अष्टावक्राचा वाकडेपणा त्याच्या स्वतःच्या कर्माचा नव्हता, बापाच्या रागाचा होता, ही गोष्ट भोपाळमध्ये विशेष जड आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला वायू ज्यांच्या छातीत गेला, त्यांच्या दुखण्याचे कारण मागच्या जन्मात शोधणे हा अन्याय आहे. कारण माणसांच्या निष्काळजीपणात होते. गुडघ्यांचेही तसेच उदाहरण मध्य प्रदेशातच आहे. मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात लहान मुलांचे पाय गुडघ्यांशी आत वळू लागले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्याच्या केंद्रीय संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला, तेव्हा दोष निघाला तो पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा, आणि अपुऱ्या आहाराने त्यात भर घातली होती. सुरक्षित पाणी आणि कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व देणारा आहार हा तिथला पहिला उपाय ठरला, शस्त्रक्रिया त्यानंतरची. मुलाच्या पायाला दोष देण्याआधी हातपंप तपासावा लागतो. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही हे मान्य व्हायला हरकत नाही, कारण तो सिद्धान्त स्वतःच्या कृतीची जबाबदारी घ्यायला सांगतो, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करायला नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. गीतेतला कर्मावर अधिकार आणि फळावर नाही हा उपदेश मराठी घरात इतका मुरलेला आहे की शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो कोणी ना कोणी उच्चारतोच. त्याचा उपयोग मात्र पुष्कळदा उलटा होतो. रुग्ण विचारू पाहतो की किती टक्के बरे होईल, आणि त्याला सांगितले जाते की फळाचा विचार नको. पण अर्जुनाने आपले प्रश्न दाबून ठेवले नव्हते. अठरा अध्याय त्याच्या शंकांमुळे झाले, आणि शेवटी कृष्णाने त्याला या सगळ्याचा पुरता विचार करून मग इच्छेला येईल तसे करायला सांगितले. फळ काय असू शकते हे समजून घेणे ज्ञानाचा भाग आहे. आसक्ती नंतर सुरू होते, ठरवलेलेच फळ मिळायला हवे असा हट्ट धरल्यावर. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगितली: उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. सही केलेला कागद हातात असला तरी समजावून सांगण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही.

म्हणून काय समजून घ्यायचे ते आधी पाहावे. झीज एकाच कप्प्यात असलेला, बहुधा साठीच्या आतला, गुडघा बऱ्यापैकी वाकणारा आणि कामाधंद्यात असलेला रुग्ण या शस्त्रक्रियेला योग्य मानतात. संधिवातासारख्या सगळ्या सांध्यावर पसरणाऱ्या आजारात ती करत नाहीत. आधी रुग्णाला उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढतात आणि अक्ष किती अंशांनी हलवायचा याचे गणित मांडतात. पुष्कळदा रेषा मध्याच्या किंचित पलीकडे, बाहेरच्या बाजूला नेतात, त्यामुळे पूर्वी फेंगडा असलेला पाय नंतर थोडा आत झुकल्यासारखा दिसू शकतो. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण आरशासमोर दचकतो. शस्त्रक्रिया साधारण तास-दीड तासाची, बहुधा कमरेखालच्या भुलीत होते. वायूपीडितांसारख्या जुनाट श्वसनविकार असलेल्यांची फुफ्फुसांची तपासणी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी नीट करणे आवश्यक असते. धोके कमी असले तरी खरे आहेत: जंतुसंसर्ग, पोटरीच्या शिरेत गुठळी, हाड जुळायला उशीर, ठेवलेली बिजागरी तडकणे, क्वचित नसेला इजा. बहुतेकांचे दुखणे स्पष्टपणे कमी होते, पण अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्याची हमी कोणालाच देता येत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत दहा वर्षांनंतर साधारण चारांपैकी तिघांना किंवा त्याहून अधिकांना सांधा बदलावा लागलेला नसतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभराला ही विभागणी जितकी चपखल बसते, तितकी आयुष्यातल्या थोड्याच गोष्टींना बसत असेल. अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि ते जसे आहे तसेच टेबलावर येते. मधुमेह ताब्यात आहे का, वजन किती आहे, तंबाखू किंवा गुटखा सुटला आहे का, यावर हाड जुळणे बरेचसे अवलंबून असते. तंबाखूने रक्तपुरवठा कमी होतो आणि फट भरायला वेळ लागतो, हे डॉक्टर सांगतात ते उपदेश म्हणून नव्हे. करण म्हणजे करवत, सी-आर्म यंत्र, प्लेट, वॉकर, कुबड्या. भोपाळच्या रुग्णाला ही साधने शहराबाहेर शोधावी लागत नाहीत. 1955 च्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले हमीदिया रुग्णालय आणि साकेत नगरातले एम्स, दोन्हीकडे अस्थिरोगाचे विभाग आहेत.

चेष्टांचा, म्हणजे हालचालींचा, भाग सर्वांत लांब आणि सर्वांत कमी दखल घेतलेला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दिली जाते. मांडीचा स्नायू आवळून गुडघ्याने ती गुंडाळी दाबायची, पाच-सहा सेकंद धरायची, सोडायची. इतके छोटे काम, पण मांडी आदेश ऐकतच नाही. पाय आपला आणि हलत मात्र नाही, हा अनुभव अनेकांना पहिल्यांदाच येतो. मग टाच चादरीवरून घसरवत गुडघा थोडा थोडा वाकवायचा. दोन-चार दिवसांत घरी सोडतात, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. पायावर किती भार द्यायचा हे प्लेट आणि शल्यविशारदाच्या निर्णयावर ठरते. कोणी लवकरच अर्धा भार देऊ देतात, कोणी सहा आठवडे बोटे टेकवण्यापलीकडे जाऊ देत नाहीत. शेजाऱ्याच्या काकांनी तिसऱ्या आठवड्यात कुबड्या टाकल्या म्हणून आपणही टाकाव्यात, हा विचार घातक आहे. बसून करायच्या नोकरीवर दीड-दोन महिन्यांत जाता येते, अंगमेहनतीच्या कामाला तीन ते सहा महिने लागतात. हाड पुरते भरायला तीन ते सहा महिने, सूज उतरायला त्याहून अधिक, आणि अंतिम फायदा कळायला जवळजवळ वर्ष जाते. जखमेच्या बाहेरच्या बाजूला नडगीवर हात फिरवला तर थोडा भाग बधिर लागतो. तो काहींचा कायम तसाच राहतो आणि त्याचे नुकसान नसते.

आता कर्ता कोण? शस्त्रक्रियागृहातल्या तास-दीड तासात शल्यविशारद, पुढच्या वर्षभरात रुग्ण. आणि या दोघांपैकी कोणीही हाड जुळवत नाही. कापलेल्या फटीत रक्त साखळते, त्यात पेशी शिरतात, मऊ हाड तयार होते, मग ते कठीण होते. माणूस फक्त जागा करून देतो आणि ती बिघडणार नाही याची काळजी घेतो. शंकराचार्यांनी पाच कारणांच्या श्लोकावरच्या भाष्यात दैव म्हणजे आंधळे नशीब असा अर्थ घेतलेला नाही. डोळ्याला सूर्य साहाय्य करतो तशा इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, असा घेतला आहे. देवता न मानणाऱ्यालाही शरीराची ही स्वतःहून जुळण्याची शक्ती मान्य करावीच लागते. पाच कारणे सांगून झाल्यावर गीता म्हणते की या सगळ्यांत जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हे यश मिरवणाऱ्या डॉक्टराला लागू आहे आणि तितकेच, हाड जुळायला उशीर झाला म्हणून स्वतःला दोष देत बसलेल्या रुग्णालाही.

या काळात उपासनेचे काय, हा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण रुग्णाला तो फार टोचतो. गुडघा हा पूजेचा सांधा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरच्या सचिवालयाबरोबर आलेल्या मराठी घरांत देवघर जमिनीलगत आणि पूजा पाटावर बसून, ही रीत पुढच्या पिढ्यांतही टिकली. भोपाळच्या ताजुल मसाजिद या मशिदीत नमाजी गुडघ्यांवर बसतात आणि सजद्यात जातात. पहिले काही महिने हे दोन्ही बंद. धर्मशास्त्रांनी मात्र इथे माणसाला अडवलेले नाही. उभे राहून नमाज जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, असा हदीसचा स्पष्ट आदेश आहे, आणि खुर्चीवर बसून इशाऱ्याने केलेला सजदा कमी प्रतीचा मानला जात नाही. जैनांचा कायोत्सर्ग उभ्याने, बसून किंवा पडूनही होतो. वेदान्ताने तर आसनाचा प्रश्न तर्काने तपासला. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात उपासना बसून करावी असे म्हटले आहे. त्यावर शंकराचार्य कारण देतात की चालताना मन विखुरते, उभ्याने ते देह सांभाळण्यात गुंतते आणि पडल्यावर झोप येते. म्हणजे बसण्याची महती एकाग्रतेसाठी आहे. स्थळाबद्दल लगेच पुढे सांगितले आहे की जिथे मन एकाग्र होईल तिथे. दुसरा नियम नाही. हे कारण धरले तर मांडी घालून ठणकणाऱ्या गुडघ्याकडेच लक्ष लागलेल्या माणसापेक्षा खुर्चीवर निश्चिंत बसलेला माणूस त्या सूत्राच्या अधिक जवळ आहे. देव्हारा वर्षभर टेबलावर ठेवणे हा अनाचार नव्हे. देवीची ओटी उभ्याने भरता येते, नैवेद्य खुर्चीत बसून दाखवता येतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे स्वतःहून सांगितले तर रुग्णाच्या मनावरचे ओझे बरेच उतरते.

हाड भरल्यानंतर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे पुष्कळांना पुन्हा जमते, कारण सांधा स्वतःचाच राहिलेला असतो. सांधाबदलानंतर हेच बसणे बहुधा टाळायला सांगतात. जमिनीशी नाते असलेल्या माणसाला या दोन शस्त्रक्रियांतला हा फरक केवळ सोयीचा वाटत नाही. मात्र आधीपासून गुडघा पुरता वाकत नसेल तर अक्ष बदलल्याने तो वाकू लागत नाही, आणि हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोलून घ्यावे.

नडगीवर त्वचा पातळ असल्याने प्लेट काहींना हाताला लागते, थंडीत दुखते. हाड पक्के झाल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षानंतर, ती काढता येते. त्रास नसेल तर काढलीच पाहिजे असे नाही. काही वर्षांनी झीज पुढे सरकली तर सांधाबदल करावा लागतो. तेव्हा आधीची शस्त्रक्रिया फसली, असे घरचे लोक म्हणतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. यज्ञाच्या पुण्याने मिळालेला स्वर्गही पुण्य सरल्यावर संपतो, असे गीताच सांगते, आणि म्हणून तो मिळालाच नव्हता असे कोणी म्हणत नाही. पन्नाशीतल्या माणसाला सरकारी जिने चढत, शेतावर किंवा भेल कारखान्याच्या शॉपमध्ये उभे राहून दहा-बारा वर्षे काम करता आले, हे मिळालेले फळच आहे. त्याची मुदत होती इतकेच. आधी हाड कापलेल्या गुडघ्यात सांधाबदल शक्य असतो, पण जुना व्रण आणि हाडाचा बदललेला आकार यांमुळे तो थोडा अवघड जातो. त्यासाठी पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल, आधीचे आणि नंतरचे लांब एक्स-रे, प्लेट कोणती आणि अक्ष किती अंशांनी हलवला, ही नोंद घरात जपून ठेवावी आणि नव्या डॉक्टराकडे पहिल्याच भेटीत न्यावी.